न्यूझीलंडला दोन्ही खेळांत हरवणारा खाणकामगार आणि त्याच्यावरची आजन्म बंदी

घाटमाथा
मंडळी, क्रिकेट सोडून एक धागा काढतोय, सांभाळून घ्या.

१६ डिसेंबर १९०५. कार्डिफ आर्म्स पार्क. वेल्सने न्यूझीलंडला ३-० हरवलं. ब्रिटनच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंडचे 'ऑल ब्लॅक्स' हरले ते एवढ्या एकाच सामन्यात. रग्बीवाल्यांना हा सामना तोंडपाठ असतो. त्या वेल्श संघातल्या सात फॉरवर्ड्सपैकी (पुढच्या फळीत रेटारेटी करणारे) एक होता अ‍ॅबरडेअरचा डाय जोन्स, कोळशाच्या खाणीतला धिप्पाड गडी. तिकडे दर गल्लीत एक डाय जोन्स सापडणार, म्हणून ह्याला 'टारू' म्हणजे बैल म्हणायचे. १९०२ ते १९०६ मध्ये देशासाठी १३ सामने, त्यात १९०२ आणि १९०५ चे ट्रिपल क्राउन (एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांना हरवणं).

आता १ जानेवारी १९०८. त्याच्याच गावचं, अ‍ॅबरडेअरचं मैदान. पुन्हा वेल्स विरुद्ध न्यूझीलंड. ८-९ असे न्यूझीलंड हरले आणि शेवटच्या काही मिनिटांत जिंकून देणारा ट्राय (समोरच्यांच्या रेषेपार चेंडू टेकवणं) मारला ह्याच पठ्ठ्याने. पण ह्या वेळचा खेळ वेगळा होता, 'नॉर्दर्न युनियन'चा, ज्याला आज आपण रग्बी लीग म्हणतो. कारण मधल्या काळात, १९०७ मध्ये, वेल्श रग्बी युनियनने त्याला कायमचं बाहेर काढलं होतं. गुन्हा काय, तर खेळण्याचे पैसे घेतले.

माझं मत स्पष्ट आहे. ही बंदी म्हणजे शुद्ध ढोंग होतं. पैसे सगळेच घेत होते, पकडला गेला तो खाणीतला माणूस. तुम्हाला काय वाटतं?

बोलघेवडा
आमच्यासाठी रग्बी म्हणजे राहुल बोस. पुढचं कळत नाही. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पेन्सिलटोक
विषय भारी आहे, पण रग्बी दोन कशी झाली तेवढं आधी सांगा ना. मला आजवर एकच माहीत होती.

घाटमाथा
@पेन्सिलटोक, थोडक्यात सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे बहुतेक गिरणीत नाहीतर खाणीत कामाला. सामना शनिवारी. शनिवारी अर्धी पाळी असायची. लांबचा सामना असला की ती बुडायची आणि पगार कापला जायचा. क्लबांचं म्हणणं, बुडालेला पगार आम्ही भरून देतो, दिवसाचे ६ शिलिंग. लंडनच्या रग्बी युनियनने सांगितलं, अजिबात नाही, हा हौसेचा खेळ आहे. त्यावर २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब जमले आणि वेगळे झाले. ती नॉर्दर्न युनियन, म्हणजे पुढची लीग. जुना खेळ तो रग्बी युनियन.

मग ह्यांनी हळूहळू खेळच बदलला. प्रेक्षक तिकीट काढून येतात तर चेंडू दिसला पाहिजे. लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकणं) काढून टाकला, १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, पाडल्यावर चेंडू टाचेने मागे खेळायची पद्धत आणली. दोन्हीकडे चेंडू लंबगोल, बाकी संसार वेगळा.

आणि एकदा तिकडे गेलात की इकडे आयुष्यभर दार बंद.

सातारी_तुरा
घाटमाथासाहेब, लेख छान, मत पटलं नाही.

नियम सगळ्यांना माहीत होता. पैसे घ्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. घेतलेत, सापडलात, शिक्षा झाली. ह्यात ढोंग कुठे? नियम चुकीचा होता म्हणा, ते वेगळं. दुसरं, अ‍ॅबरडेअरची चौकशी निव्वळ मजुरीच्या पैशाची नव्हती. क्लबच्या आतल्याच माणसाने आरोप केला होता की समोरच्या संघाला हरण्यासाठी पैसे चारले. हे तुम्ही सोयीस्कररीत्या गाळलंत.

घाटमाथा
गाळलं नाही, पुढे येणारच होतं. आरोप होते, मान्य. पण सामना विकत घेणं आणि बुडालेल्या पाळीचे पैसे घेणं ह्या दोन गोष्टी युनियनने एकाच पोत्यात भरल्या. क्लबची समिती, खेळाडू, सरसकट बाहेर. माझी तक्रार तीच आहे.

अवांतर_आजोबा
तुमचं भांडण चालू द्या. त्या १९०५ च्या ट्रायचं कोणी वर्णन करणार नाही का? मग मीच करतो.

न्यूझीलंडचा स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड डोकी भिडवून चेंडूसाठी रेटतात तो) तेव्हा सातांचा असायचा, दोन-तीन-दोन. आठवा माणूस बाहेर मोकळा ठेवायचे आणि सगळ्या ब्रिटनला त्यांनी त्यावर नाचवलं होतं. वेल्सने अभ्यास केला. आपणही सातच ठेवायचे आणि क्लिफ प्रिचर्डला जादाचा बॅक (मागच्या फळीतला पळणारा) म्हणून उभा करायचा. शिवाय स्क्रम जुळताना वेल्सचे फॉरवर्ड घाईच करायचे नाहीत. समोरचे दोघं आधी वाकू द्यायचे आणि मग आपली माणसं अशी लावायची की चेंडूजवळचं बाहेरचं डोकं आपलं. आपला टारू त्या गर्दीत होता. ही कामं वर्तमानपत्रात येत नसतात.

आता ट्राय. स्क्रममधून चेंडू आला स्क्रम-हाफ डिकी ओवेनकडे. ओवेन उजवीकडे पळाला, बुश आणि निकल्स त्याच्या बरोबर, म्हणजे सगळा धोका उजव्या अंगाला. न्यूझीलंडचा अख्खा बचाव तिकडे झुकला. ओवेनने पळता पळता उलटा पास दिला डावीकडे. क्लिफ प्रिचर्डने तो पायाजवळून उचलला, गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे, आणि मॉर्गन डाव्या कोपऱ्यात. हे ठरवून, सराव करून केलेलं होतं. १९०५ मध्ये!

शिवाय सामन्याआधी न्यूझीलंडचा हाका (माओरी नाच) झाल्यावर टेडी मॉर्गनने 'हेन व्लाद वी न्हादाय' सुरू केलं आणि अख्ख्या मैदानाने उचललं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची सुरुवात तिथली म्हणतात.

बोलघेवडा
आजोबा, तुमचं आयडी बदला. 'विषयांतर नाही' आजोबा.

कार्डिफकर
राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी बरीच वर्षं इथे दवाखान्यात काम करते आणि पेशंट बहुतेक खोऱ्यांमधले. अ‍ॅबरडेअर म्हणजे दरीच्या उतारावर एकाला एक चिकटलेली घरं, रांगच्या रांग, खाणी केव्हाच बंद. छाती तपासायला आलेले म्हातारे रग्बीचा विषय काढला की खोकायचं विसरतात. लीगला गेलेल्या माणसाबद्दल बोलताना इथे 'उत्तरेला गेला' एवढंच म्हणतात. जुनी पिढी म्हणताना आवाज जरा खाली घेते, जसं काही घरातून पळून गेला.

सातारीदादा, एक बघा. १९०५ चा संघ घ्या. टेडी मॉर्गन डॉक्टर. ऱ्हीस गेब शिक्षक. पर्सी बुश शिक्षक. कप्तान ग्विन निकल्स आणि फुलबॅक विनफील्ड ह्या दोघांचा कार्डिफमध्ये भागीदारीत लाँड्रीचा धंदा. हे सगळे मागच्या फळीतले. पुढे स्क्रममध्ये डोकं घालणारे? बरेचसे खाणी, गोदी, कारखान्यांतले. शनिवार बुडाला तर डॉक्टरला फरक पडत नाही. खाणीत कोळसा जेवढा काढला त्यावर मजुरी. सोमवारी खांदा वर होत नसेल तर आठवडा गेला.

नियम सगळ्यांना सारखा होता, पण खिसा सारखा नव्हता.

मधुमालती
+१ कार्डिफकर ताई. माझा प्रश्न वेगळाच. हाड मोडलं तर औषधपाण्याचं कोण बघायचं? आणि घरी बायको-पोरं असतील त्यांचं?

कार्डिफकर
@मधुमालती, क्लब वर्गणी काढायचा, मैदानावर झोळी फिरायची. बाकी नशीब.

घाटमाथा
ताईंच्या मुद्द्यावरूनच आठवलं. सातारीराव, आता आर्थर गूल्डचं काय करायचं ते सांगा.

गूल्ड हा १८९० च्या दशकातला वेल्सचा कप्तान, न्यूपोर्टचा, त्या काळचा सगळ्यात मोठा तारा. निवृत्त व्हायच्या सुमारास लोकांनी एक-एक शिलिंग गोळा करून त्याच्यासाठी निधी उभारला. वेल्श युनियननेही त्याला हातभार लावला. १८९७ मध्ये न्यूपोर्टला समारंभ झाला आणि गूल्डला चक्क घर देण्यात आलं. घर! इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडवाले म्हणाले हा सरळसरळ पैशासाठी खेळ. वेल्स हटला नाही, आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेर पडला. १८९८ मध्ये तडजोड होऊन परत आला.

म्हणजे ज्या युनियनने आपल्या लाडक्यासाठी घरापायी सगळ्यांशी पंगा घेतला, त्याच युनियनने दहा वर्षांनी अ‍ॅबरडेअरच्या खाणकामगाराला काही शिलिंगांसाठी जन्मभर बाद केलं. ह्याला ढोंग नाही तर काय म्हणायचं?

सातारी_तुरा
गूल्डचा मुद्दा जड आहे, नाकारत नाही. पण तुम्ही त्यातून उलटा निष्कर्ष काढताय असं मला वाटतं.

गूल्ड प्रकरणात वेल्सची मान बाकीच्या देशांच्या हातात गेली. पुढे एक जरी पैशाचं प्रकरण उघडं पडलं आणि युनियनने डोळेझाक केली, तर इंग्लंड-स्कॉटलंड सामने बंद करणार. वेल्ससारख्या लहान देशाला इंग्लंडला हरवायला मिळणं म्हणजे काय, हे ताई सांगतील. ते गेलं की वेल्श रग्बी आणि लँकेशायरची जिल्हा स्पर्धा ह्यांत फरक राहत नाही. म्हणून बुटात पैसे चालू द्यायचे, पण चव्हाट्यावर आलेल्याला कापायचं. निर्दय आहे. मूर्खपणा मात्र नाही.

अजून एक. दार उघडं ठेवलं असतं तर उत्तरेच्या पैसेवाल्या क्लबांनी दर हंगामात खोरी रिकामी केली असती. नाहीतरी करतच होते.

पेन्सिलटोक
बुटात पैसे म्हणजे?

सातारी_तुरा
सामना संपवून कपडे बदलायला आलात की तुमच्या बाहेरच्या बुटात नाणी टाकलेली असायची. कोणी दिली, कोणी घेतली, कोणाला काही माहीत नाही.

बोलघेवडा
आमच्या ऑफिसात दिवाळीला पाकीट येतं तसं. फरक एवढाच की पाकीट येत नाही.

वडापावप्रेमी
आपल्याकडे कबड्डीत काय वेगळं होतं हो? मुंबईत कंपनीच्या संघात घ्यायचे, हजेरीपत्रकावर कारकून, आणि साहेब संध्याकाळी मैदानावर. पगार कशाचा, तर फायलींचा. सगळ्यांना ठाऊक आणि कोणाचीच तक्रार नाही. त्या वेल्सवाल्यांनी खाणीतच एखादी बसायची नोकरी दिली असती तर वाद मिटला असता.

घाटमाथा
वडापाव, गंमत म्हणजे ह्याच्यावर नॉर्दर्न युनियननेही डोकं चालवलं होतं! १८९८ मध्ये त्यांनी खुलेआम पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला खरीखुरी नोकरी हवी. आणि खरी नोकरी कुठली नाही, तर दारूच्या गुत्त्यातला वाढपी आणि बिलियर्डच्या टेबलापाशी गुण मोजणारा, ह्या नोकऱ्या चालणार नाहीत असं नियमातच लिहिलेलं. कारण क्लबांनी आधीच आपले खेळाडू तिथे चिकटवायला सुरुवात केली असणार! १९०५ मध्ये कंटाळून ती अट काढून टाकली.

बोलघेवडा
बिलियर्डचे गुण मोजायची नोकरी. आयुष्यात हीच नोकरी हवी होती मला.

अवांतर_आजोबा
उत्तरेला जाणाऱ्यांत स्वान्सीचे जेम्स बंधू विसरू नका. डेव्हिड आणि इव्हान, दोघे हाफबॅक, तांब्याच्या कारखान्यातले कामगार. १८९२ मध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन रेंजर्सकडे गेले, व्यावसायिक ठरले, १८९६ मध्ये माफी मिळून परत आले. जानेवारी १८९९ मध्ये स्वान्सीला इंग्लंडला २६-३ असं धुतलं तेव्हा दोघंही संघात, विली ल्यूएलिनने पदार्पणातच चार ट्राय मारले. आणि लगेच भाऊ बिऱ्हाडासकट पुन्हा ब्रॉटनला! ह्या वेळी कायमचे.

म्हणजे माफी मिळू शकत होती. युनियनच्या मर्जीवर होतं. सातारीराव, हा तुमच्या नियमाला गेलेला तडा.

सातारी_तुरा
माफी दिल्यावर त्यांनी काय केलं तेही तुम्हीच लिहिलंत आजोबा. पुढे युनियन कडक झाली तर नवल काय?

मधुमालती
हाहा, हा सणसणीत होता.

कार्डिफकर
मला १९०८ च्या सामन्याबद्दल लिहायचं होतं, ते राहूनच गेलं.

तो न्यूझीलंडचा संघ म्हणजे 'ऑल गोल्ड्स'. हे टोपणनाव सिडनीच्या पत्रकारांनी हिणवायला दिलं होतं, पैशासाठी खेळतात म्हणून. आल्बर्ट बास्करव्हिल नावाच्या टपाल खात्यातल्या तरुणाने तो जमवला. १९०५ च्या मूळ संघातले चौघे त्यात होते, आणि ऑस्ट्रेलियाचा डॅली मेसेंजर पाहुणा. लीड्सला उतरेपर्यंत बहुतेकांनी नवे नियम खेळून पाहिलेच नव्हते. आठवड्याभरात शिकले आणि सामने जिंकायला लागले.

वेल्सचा लीगमधला तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. कार्डिफ आर्म्स पार्क ह्यांना मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून अ‍ॅबरडेअर. आता विचार करा, डाय जोन्सचं स्वतःचं गाव, ज्या गावाच्या क्लबमधून त्याला हाकललं तेच गाव, नववर्षाचा दिवस, हजारोंची गर्दी. तो तेव्हा शेजारच्या मर्थिर टिडफिलच्या नव्या लीग क्लबकडून खेळत होता. मागे पडलेल्या वेल्सला त्याच्या ट्रायने ९-८ असं पुढे नेलं. दोन्ही खेळांत न्यूझीलंडला हरवणारा पहिला खेळाडू म्हणून त्याचं नाव लागतं ते त्यामुळे.

अजून एक योगायोग. युनियनमध्ये त्याचं पदार्पण १९०२ ला ब्लॅकहीथला इंग्लंडविरुद्ध, तोही सामना वेल्सने ९-८ असाच जिंकला होता.

बास्करव्हिल बिचारा परतीच्या वाटेवर ब्रिस्बेनला न्यूमोनियाने गेला, १९०८ मध्येच. २५ वर्षांचा होता.

पेन्सिलटोक
मग लीग वेल्समध्ये रुजली का नाही? एवढी गर्दी होती म्हणता.

घाटमाथा
प्रयत्न झाला. १९०७ मध्ये मर्थिर आणि एबू व्हेल, पाठोपाठ अ‍ॅबरडेअर, बॅरी, मिड-ऱ्होंडा, ट्रेहर्बर्ट. सहा क्लब. १९१२ पर्यंत सगळे गुंडाळले. दर पंधरवड्याला उत्तर इंग्लंडपर्यंत संघ न्यायचा रेल्वेखर्च, खोऱ्यांत फोफावणारा फुटबॉल, आणि युनियनचा धाक. लीगच्या मैदानावर दिसलात तरी संशय.

सातारी_तुरा
आणि लोक! लोकांना इंग्लंडविरुद्धचा कार्डिफचा सामना हवा होता, विडनेसविरुद्धचा मर्थिरचा नको होता. हेही लिहा. वेल्श माणसाने युनियन निवडली. ती लंडनच्या कुठल्या साहेबाने लादली नाही.

कार्डिफकर
लोकांनी युनियन निवडली हे खरंय, पण खेळाडू जातच राहिले. जिम सलिव्हन कार्डिफचा, १९२१ मध्ये १७ व्या वर्षी उत्तरेतल्या विगन ह्या लीग क्लबला गेला, ७५० पौंडांना. युनियनमध्ये वेल्सकडून एकही सामना नाही. तिकडे कारकिर्दीत २,८६७ गोल. १९२९ मध्ये लीगच्या चॅलेंज कपची पहिली वेम्बली फायनल झाली तेव्हा विगनचा कप्तान हाच, आणि पहिले गुणही ह्याचेच.

मग गस रिस्मन, लॅटव्हियाहून आलेल्या कुटुंबातला कार्डिफचा पोरगा. बिली बॉस्टन, कार्डिफच्या गोदीजवळचा, १९५३ मध्ये विगनला. क्लाइव्ह सलिव्हन, १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनला विश्वचषक जिंकून देणारा कप्तान. बॉस्टन आणि क्लाइव्ह दोघं कृष्णवर्णीय. त्या काळी वेल्सच्या युनियन संघात त्यांच्यासारख्यांना जागा नव्हती, हे पैशाच्या भांडणाआड लपतं. २०२३ मध्ये कार्डिफ बे मध्ये बॉस्टन, रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हनचा पुतळा बसवला. जाऊन बघा कधी आलात तर, चांगला केलाय. पोरं त्यावर चढतात, कोणी ओरडत नाही.

मधुमालती
हे माहीतच नव्हतं. म्हणजे काहींसाठी उत्तरेला जाणं ही हाव नव्हती, तेवढाच रस्ता होता.

वडापावप्रेमी
बंदी मग कधी उठली?

अवांतर_आजोबा
ऑगस्ट १९९५. हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं होता होता युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जाहीर केलं की आता पैसे घ्यायला हरकत नाही. १९८९ मध्ये विडनेसला गेलेला जोनाथन डेव्हिस लगोलग कार्डिफला परतला.

आणि त्याआधीची गंमत. दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या संघांत लीगवाल्यांना युनियन खेळायला चालायचं! गोळ्या झेलायच्या तर व्यावसायिक-हौशी भेद नाही. १९४३ ला लीड्सला आणि १९४४ ला ब्रॅडफर्डला लीग विरुद्ध युनियन असे सामनेही झाले, नियम युनियनचे. दोन्ही वेळा लीगवाले जिंकले. शांतता झाली आणि बंदी परत चालू.

घाटमाथा
सातारीराव, आता ह्याचं काय? युद्धात शिथिल होतो तो कसला तत्त्वाचा नियम?

सातारी_तुरा
हं. युद्धाचं मला माहीत नव्हतं, ते रुचलं नाही.

बरं, एवढं मानतो. जेम्स बंधूंना माफी, गूल्डला घर, युद्धात सूट, आणि टारूला आजन्म बंदी हे एका फूटपट्टीने मोजलेलं नाही. शिक्षा व्हायला हवी होती असं मी अजूनही म्हणेन, कारण अ‍ॅबरडेअरच्या चौकशीतले आरोप गंभीर होते आणि सगळे निव्वळ मजुरीचे नव्हते. पण दोन-चार वर्षांची. आजन्म नाही. आणि त्यातही क्लबच्या समितीला जास्त, खेळाडूला कमी.

घाटमाथा
मग मीही एक पायरी उतरतो. 'शुद्ध' हा शब्द काढून टाका, नुसतं ढोंग ठेवा.

बोलघेवडा
ह्या संस्थळावर दोन माणसं एकमेकांचं ऐकून मत बदलताना पहिल्यांदा पाहिली. संपादक, धागा वाचनखुणांत टाका.

कार्डिफकर
टारूचं वेगळं काही स्मारक माझ्या तरी पाहण्यात नाही. बॉस्टनला २०२५ मध्ये नाइटहूड मिळालं, लीगमधल्या खेळाडूला पहिल्यांदाच. विगनमध्ये काय जल्लोष होता! जिम सलिव्हनवर वेगळा धागा काढा कोणीतरी, एका सामन्यात २२ गोल मारलेत त्याने.

घाटमाथा
काढतो. पुढच्या आठवड्यात.

किवी_कुलकर्णी
ऑकलंडहून. धागा पूर्ण वाचला नाही, पण १९०५ मध्ये बॉब डीन्सचा ट्राय झाला होता. रेषेच्या आत चेंडू टेकवला, वेल्शवाल्यांनी त्याला मागे ओढला आणि स्कॉटिश पंच डॅलस रोजच्या कपड्यांत मागून धापा टाकत आला. डीन्सने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला तार केली होती. सामना ३-३.

कार्डिफकर
नव्हता झाला.

अवांतर_आजोबा
नव्हता. मात्र किवी, ओढला कोणी हे सांगा. इथे तीन-चार जण तरी श्रेय घेतात.

किवी_कुलकर्णी
ओढला हे मान्य केलंत ना? मग झालं.